त्या ४० टक्क्यांचं काय करायचं

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला, शनिवारी पाऊस ४० टक्के दाखवतायत तर ट्रेक कॅन्सल करू का म्हणून. अरे लगेच काय कॅन्सल! ४० टक्के म्हणजे दिवसातला तेवढा वेळ पाऊस असं नसतं, बरीच वर्षं मीही तसंच समजायचो. युरोपियन सेंटरवाले (युरोपातली हवामानाचा अंदाज काढणारी संस्था) सुरुवातीचे आकडे जरा जरा बदलून तोच अंदाज ५० वेळा काढतात, त्यातल्या २० वेळा तुझ्या जागी पाऊस पडला तर ढोबळमानाने ४० टक्के. किती पडेल, किती वेळ पडेल, हे त्या आकड्यात नसतंच.

म्हणून मी तासातासाचा अंदाज उघडून बघितला, तर सगळा पाऊस दुपारी दोन ते सहाच्या मधे, सकाळ कोरडी. वसंतात हे असंच चालतं, ऊन जमीन तापवतं पण वरची हवा अजून गारच असते, मग खालची गरम हवा उसळत वर जाते आणि दुपारपर्यंत ढग होतात. तू फक्त ढगांवर लक्ष ठेव. अकराच्या सुमाराला कापसाचे सुटे पुंजके दिसतील, त्यांना घाबरू नकोस, पण एखादा रुंदीपेक्षा उंचीलाच जास्त वाढायला लागला की खाली उतरायला लाग, माथा ऐरणीसारखा सपाट पसरेपर्यंत थांबायचं नाही. वीज चमकली की गडगडाट होईपर्यंत सेकंद मोज, तीनाने भाग, तेवढे किलोमीटर लांब. अर्थात गडगडाट ऐकू आला म्हणजे तू विजेच्या टप्प्यात आहेसच, तेव्हा गणित नंतर, आधी पक्कं छप्पर किंवा गाडी गाठ (झाडाखाली अजिबात नाही) आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच बस.

रात्रीचं मात्र तू विचारलंच नाहीस. पाऊस गेल्यावर आभाळ मोकळं होणार, ढगांची गोधडी निघाली की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते, त्यामुळे रविवारी पहाटे चांगलाच गारठा असेल. दुपारचं टेंपरेचर बघून टीशर्टवर निघशील, मागच्या वेळी मी तेच केलं आणि रात्रभर कुडकुडत बसलो.

शुक्रवारी रात्री परत एकदा अंदाज बघ, तोवर पावसाच्या वेळेचे दोनाचे बारा झालेले असू शकतात. आणि निघायचं पहाटे पाचला, तुझ्या घड्याळातल्या पाचला नाही.

तुझाच,
मी