तलाव उपसण्याआधी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फरशा बदलण्यासाठी घरचा पोहण्याचा तलाव पूर्ण उपसणार, आणि तोही पाऊस थांबल्या थांबल्या, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. फोनवर तू 'बघू, बघू' म्हणून विषय बदलतोस. इथे माझं रोजचं कामच तलावांच्या दुरुस्तीचं आहे, तेव्हा या बाबतीत तरी धाकट्याचं ऐक.

पाणी काढलं की भिंतींवरचा आणि तळावरचा भार कमी होईल, असं तुझं म्हणणं. भार कमी होतो हे खरं, पण भीती नेमकी त्याचीच. आपला तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल धरला तर त्यात ४८ टन पाणी आहे. तेच त्याला जमिनीत दाबून धरतं. पावसानंतर भोवतालच्या मातीत पाणी मुरलेलं असतं. ते तळापेक्षा एक मीटर वर असेल, तर तळाच्या दर चौरस मीटरला खालून १ टन रेटा बसतो, म्हणजे सगळ्या तळाला मिळून ३२ टन. पंधरा सेंटीमीटर जाडीचं काँक्रीट चौरस मीटरला भरतं जेमतेम ३६० किलो. उरलेला रेटा भिंतींचं वजन आणि आतली सळई यांनाच पेलावा लागतो. नाही पेलला तर तळ फुगून तडकतो, नाहीतर अख्खी टाकी होडीसारखी उचलली जाते. मग पाइप तुटतात, कडेची फरसबंदी उखडते. एकदा वर आलेली टाकी पाणी भरून पुन्हा जागेवर बसेल ही आशाही सोड, कारण खालच्या पोकळीत माती सरकलेली असते.

तळाच्या ड्रेनमध्ये खालचा दाब वाढला की जमिनीतलं पाणी आत घेणारा एक व्हॉल्व्ह असतो. पण तो प्रत्येक तलावात बसवलेला नसतो, आणि असला तरी वर्षानुवर्षं न हलल्यामुळे गाळाने अडकलेला सापडतो. त्याच्या भरवशावर राहू नकोस. तलावाशेजारी तळापेक्षा खोल भोक पाडून त्यात भोकांचा पाइप उभा कर, दुसऱ्या दिवशी दोरी सोडून पाणी किती खोलीवर लागतं ते बघ. तळाच्या वर लागलं तर काम पुढे ढकल. गवंडी कितीही घाई करो.

फायबरचा तलाव हलका, म्हणून तो आणखी लवकर उचलला जातो, शिवाय बाहेरच्या मातीने त्याच्या भिंती आत फुगतात. प्लास्टिकचं अस्तर जुनं असेल तर कोरडं पडून आकसतं आणि पुन्हा भरताना फाटतं. आपला काँक्रीटचा आहे, पण भर उन्हात कोरडा ठेवलास तर गिलावा सुटतो.

आणि माणसांचं काय? रिकामा तलाव म्हणजे अंगणातला उघडा खड्डा. मुलं, रात्रीचा अंधार, दोन्हींचा विचार करून भोवती पक्का अडसर घाल. डिझेलचा पंप आत उतरवू नकोस, धूर खालीच कोंडतो. विजेचा पंप असेल तर अर्थ लीकेज ब्रेकरशिवाय (वीज गळताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचशिवाय) लावायचा नाही आणि तो चालू असताना कुणी पाण्यात उतरायचं नाही. फिल्टरच्या मोटरचा टायमर आणि पाण्याखालचे दिवे आधी बंद कर. ॲसिडने तळ धुवायचा बेत असेल तर मला तो मुळीच पसंत नाही. ॲसिड आणि क्लोरीनची पावडर एकत्र आली की विषारी वायू निघतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि खाली काम करणाऱ्याभोवतीच साचतो.

क्लोरीनचं पाणी विहिरीत, ओढ्यात किंवा सेप्टिक टँकमध्ये सोडू नकोस. काही दिवस क्लोरीन टाकणं थांबव, उन्हाने ते बरंच उतरतं, पण सोडण्याआधी तपासणी किटने खात्री कर.

मुळात फरशा कुठल्या निघाल्यात ते तू लिहिलंच नाहीस. पाण्याच्या रेषेवरच्या असतील तर हातभर पाणी उतरवलं तरी काम होतं. तळाच्या एखाद-दोन असतील तर पाण्याखाली चिकटणारं इपॉक्सी मिळतं, पाणबुड्या उतरून बसवतो. पाणी गढूळ किंवा जड झालंय म्हणून उपसायचं असेल, तर थोडं थोडं काढून नवं भरत जा.

निघालेल्या फरशांचे आणि ड्रेनच्या जाळीचे फोटो पाठव, पाइपातल्या पाण्याचं मापही कळव. ते बघून मी सांगेपर्यंत पंप लावू नकोस. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा