कोडिंग येत नाही म्हणून रडणाऱ्या मन्यास

प्रिय मन्या,

रात्री एक वाजता मेसेज टाकतोस, "कोडिंग येत नाही म्हणजे क्वांट ट्रेडिंगचं दार बंदच ना?" म्हटलं हे व्हॉट्सॲपवर दोन ओळीत नाही भागणार, म्हणून पत्र.

आधी सांग, क्वांट ट्रेडिंगमध्ये, म्हणजे गणित-आकडेवारीच्या जोरावर बाजारात खरेदी-विक्री करण्याच्या या धंद्यात, बसायचंय कुठल्या खुर्चीत? डेव्हलपर व्हायचं असेल तर सी प्लस प्लस घोटून घोटून प्यावं लागेल, तिथे मायक्रोसेकंदासाठी मारामारी असते, विषय संपला. ट्रेडरचं वेगळंय. ऑप्टिव्हर या ट्रेडिंग कंपनीची टेस्ट म्हणजे 8 मिनिटांत 80 आकडेमोडी, त्याही तोंडी हिशोबाने. मला एका ठिकाणी मुलाखतीत विचारलं, फासा टाक, पडेल तेवढे रुपये तुझे, नाही आवडलं तर एकदाच परत टाक, हा खेळ कितीला घेशील? साडेतीन म्हणणारच होतो, जीभ चावली. 4 किंवा वर आलं तर ठेवायचं, नाहीतर परत टाकायचं, म्हणजे सरासरी 4.25. लगेच पुढचं, "आता हाच खेळ मला विक, भाव बोल." घाम फुटला रे, पण यात कोड कुठेय? जेन स्ट्रीट या ट्रेडिंग कंपनीत तर ओकॅमल नावाची प्रोग्रामिंग भाषा चालते, ती कॉलेजात शिकलेला माणूस मला अजून भेटायचाय.

पण लगेच पेढे वाटू नकोस. आत आल्यावर मी आजची निफ्टी 50 ची यादी घेऊन 2008 पासून बॅकटेस्ट, म्हणजे जुन्या भावांवर डाव कसा चालला असता त्याची चाचणी, चालवली, ग्राफ नुसता आभाळात, मी खूश. सिनियरने एकच विचारलं, "यात सत्यम कुठाय?" सत्यम जानेवारी 2009 मध्येच घोटाळ्यानंतर निफ्टीतून बाहेर गेली, म्हणजे मी फक्त तगलेल्या कंपन्यांवर पैसे लावत होतो! तू स्टॅट्सवाला, तू हे झोपेत पकडलं असतंस. पण मग यादी दुरुस्त करून परत चालवायची कुणी? दुसऱ्याच्या टेबलापाशी उभा राहशील, तो म्हणेल उद्या बघू, आणि तुझ्या डोक्यातली शंका तशीच राहील. माझ्या मते कोड लागतो तो एवढ्यासाठीच, आणि त्याला पायथॉन आणि त्यातली तक्ते हाताळणारी पांडाज लायब्ररी पुरते.

तर एनएसईची भावकॉपी, म्हणजे रोजच्या भावांची फाइल, डाउनलोड कर, फुकट आहे. रिलायन्सने ऑक्टोबर 2024 मध्ये एकास एक बोनस दिला, म्हणजे एका शेअरमागे एक शेअर फुकट, त्यात भाव एका रात्रीत अर्धा झालेला दिसेल. बोनसआधीचे भाव त्या हिशोबाने जुळवून घ्यायचा प्रोग्राम स्वतः लिही, दुसऱ्याचा ढापू नकोस, मला कळतं.

जमलं की दादरला ये, येताना फासा आण, भाव मी बोलतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
पश्या