पंपवाल्या दादांना, तळमजल्यावरून

नमस्कार दादा,

तुमच्या तोंडावर आभार मानले असते तर "ड्यूटीच आहे ताई" म्हणून तुम्ही निघून गेला असता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. ड्यूटी रात्री आठला संपते. पावसाचं पाणी आमच्या घरात शिरलं त्या रात्री तुम्ही आलात साडेबाराला, फाटका रेनकोट घालून, वॉचमनचा एक फोन गेल्यावर.

वाशीत या सोसायटीत मला सव्वीस वर्षं झाली. तळ्याकाठी रोज फिरते, बगळे मोजते. ते तळं तिथे कशासाठी आहे, हे मला त्या रात्रीपर्यंत धड ठाऊक नव्हतं. धारण तलाव हा शब्द पेपरात वाचलेला, तेवढंच. तुम्ही गुडघाभर पाण्यात उभं राहून दोन वाक्यांत सांगितलंत: भरती आली की खाडीकडची झडप बंद, पावसाचं पाणी तळ्यात थांबतं, ओहोटी लागली की झडप उघडते आणि पाणी निघून जातं. सिडकोने 1970 नंतर हे शहर वसवलं तेव्हा बरीचशी जमीन भरतीच्या पातळीच्या खाली होती, म्हणून ही सोय. आता तळ्यात गाळ साचलाय, गाळात कांदळवन वाढलंय, आणि कांदळवनाला हात लावायचा तर न्यायालयाची परवानगी हवी. ते योग्यही आहे. पण तळ्यात पाणी मावेनासं झालं की ते आधी कोणाच्या घरात शिरतं, ते तळमजल्यावाल्यांना विचारा.

या तळ्याचं काय करणार, असं आम्ही चार वर्षं विचारत होतो. एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवायचं, दुसरं परत पहिल्याकडे. त्यांचं सोडा. आपल्याच कुंपणाच्या आतलं पावसाळी गटार तर आपलं होतं ना? आधीच्या कमिटीने लॉबीला संगमरवर लावला, जिममध्ये ट्रेडमिल आणली, आणि गटाराच्या चेंबरचा विषय काढला की "तळमजल्याचं नेहमीचंच रडगाणं" म्हणून हसण्यावारी नेला. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी सोसायटीने साठवायचा पैसा, त्याचा खरा अर्थ मला त्या रात्री दिवाण पाण्यात गेल्यावर कळलं. चेंबरमधून तुम्ही काय काय उपसलंत! थर्माकोलच्या मखराचे तुकडे, नारळाच्या शेंड्या आणि वरच्या कुणाच्या तरी नव्या टाइल्सच्या सिमेंटचे हे एवढे गोळे. ते कुठल्या मजल्यावरून आले ते मला माहीत आहे. असो.

पण दादा, मला आठवतं ते चेंबर नाही. माझ्या सासूबाई ब्याऐंशीच्या. 26 जुलै 2005 त्यांनी पाहिलेला, त्यामुळे पाणी दिसलं की त्यांचे हात कापायला लागतात. त्या टेबलावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, रामरक्षा म्हणत, पण मध्येच अडखळत. तुम्ही कुंडीतला विटेचा तुकडा घेतलात, भिंतीवर पाण्याच्या वर चार बोटं एक रेघ ओढलीत आणि म्हणालात, "आई, तीनपर्यंत चढेल. या रेघेला शिवणार नाही. मग ओहोटीचा जोर लागला की उतरेल. तुम्ही फक्त रेघेवर लक्ष ठेवा, मी खाली चेंबरवर आहे."

त्यांना काम मिळालं. अडीच वाजता त्या मला सांगत होत्या, "अजून दोन बोटं आहेत गं." रामरक्षा सलग सुरू झाली. चार वाजता पाणी फरशीवरून निघालं तेव्हा त्या बसल्या जागी झोपलेल्या. त्या रात्री आम्हाला "काळजी करू नका" असं सांगणारे फोन पुष्कळ आले, अगदी सातव्या मजल्यावरूनही. घाबरलेल्या म्हाताऱ्या बाईला नेमकी कशाची गरज असते ते तुम्हालाच सुचलं. असं कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. चांगली माणसं दिसायला साधीच असतात. आपण त्यांना वर्षानुवर्षं "अहो पंपवाले" म्हणून हाक मारतो आणि नाव विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं, याची लाज वाटते.

नवी कमिटी दिवाळीआधी रंगकाम काढणार आहे. हॉलची ती भिंत सोडा, असं सासूबाईंनी रंगाऱ्याला आत्ताच बजावलंय.

तुमची टॉर्च आमच्याकडे राहिली आहे. सेल नवे घातलेत. येऊन घेऊन जा, आणि दारातूनच परत फिरायचं नाही. चहा ठेवते.

तुमची,
सी विंग, तळमजला