'आमचे नामवंत' छापण्याआधी जनरल रजिस्टर उघडा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शाळेचा अमृतमहोत्सव किंवा शताब्दी आली की स्मरणिका निघते आणि तिच्यात 'आमचे नामवंत' हे पान ठरलेले असते. चार डॉक्टर, दोन इंजिनिअर, एखादे आमदार, परदेशातले तिघे-चौघे. शाळेतून बाहेर पडलेल्यांचे पुढे काय झाले हे त्या पानावरून कळत नाही. कोण संपर्कात राहिले, एवढेच कळते. ज्या शाळांना खरी यादी करायची आहे, त्यांनी व्हॉट्सअॅप ग्रुपपासून नव्हे, तर कार्यालयातल्या लोखंडी कपाटातल्या जनरल रजिस्टरपासून सुरुवात करावी.

त्या रजिस्टरमध्ये प्रत्येक मुलामुलीसाठी एक आडवी ओळ असते : दाखल क्रमांक, नाव, जन्मतारीख अंकी व अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख व इयत्ता, सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण, शेरा. नमुन्यादाखल अशी एक ओळ घ्या : प्रवेश जून १९६८, इयत्ता पाचवी; सोडले ऑक्टोबर १९७२, इयत्ता नववी; कारण, 'सतत गैरहजर'. स्मरणिकेच्या हिशेबी हा विद्यार्थी नाहीच, कारण तो दहावी-अकरावीच्या कुठल्याच बॅचमध्ये नव्हता. पण वर्ष १९७२ आहे, दुष्काळाचे. अशा पानावर 'गैरहजर'ची रांग लागलेली दिसली, तर आधी गावातल्या खडी फोडण्याच्या दुष्काळी कामांची चौकशी करावी. मुंबईच्या गिरणगावातल्या शाळांनी १८ जानेवारी १९८२ नंतरची पाने अशीच वाचावीत. 'पालक गावी गेले' या तीन शब्दांमागे बहुधा गिरणी संप असतो.

प्रत्यक्ष कामाला दोघे लागतात. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने टंकायचे आणि दर दहावी ओळ जागा बदलून पडताळायची. झेरॉक्स काढू नये. पुठ्ठा दाबला की जुनी शिवण उसवते. पान सपाट ठेवून वरून मोबाइलने फोटो घ्यावा. दाखल क्रमांक हीच प्रत्येकाची ओळख समजावी, नाव नव्हे. मात्र मध्येच सोडून पुन्हा दाखल झालेल्या मुलाला दोन क्रमांक मिळालेले असतात, तो दोनदा मोजला जातो. जन्मतारखेवरून जोडी जुळवायला जाल तर तिथेही गंमत आहे : १ जून ही तारीख निम्म्या वर्गाची असू शकते, कारण ती आईने नव्हे, गुरुजींनी ठरवलेली असते. एक्सेलमध्ये तारखेचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवावा. नाहीतर महिना आणि दिवस अदलाबदल होतात, आणि १९०० पूर्वीची तारीख तर ते तारीख म्हणून ओळखतच नाही. 'कुलकर्णी' आणि 'कुळकर्णी' सुधारत बसू नये. मूळ लेखन एका रकान्यात तसेच ठेवून शोधासाठी शेजारी दुसरा रकाना करावा.

मुली यादीतून सर्वांत जास्त गळतात. लग्नानंतर आडनाव आणि मधले नाव दोन्ही बदलते, काही घरांत पहिलेही. त्यांचा माग भावंडांवरून काढावा : तेच आडनाव, तेच वडिलांचे नाव, पुढेमागे दोन-चार वर्षांत प्रवेश. भाऊ गावातच असतो, त्याच्याकडून पत्ता मिळतो. 'गृहिणी' एवढेच लिहून मोकळे होऊ नये. शिवणकाम, खानावळ, अंगणवाडी, शेती, काय केले ते विचारावे.

बॅच ठरवताना १९७५ साली हमखास घोळ होतो. त्या वर्षी जुन्या अभ्यासक्रमाची अकरावी आणि नव्या (१०+२+३) आकृतिबंधाची दहावी, दोन्ही एस.एस.सी.ला बसल्या. म्हणजे एकाच वर्षी दोन बॅच बाहेर पडल्या आणि 'पंचाहत्तरची बॅच' म्हणून दोघी भांडतात.

माहितीच्या खात्रीसाठी चार खुणा पुरतात : स्वतः सांगितलेले, घरच्यांनी सांगितलेले, ऐकीव, माहिती नाही. 'मयत' लिहायला घरच्यांचा दुजोरा हवाच. नावामागे 'कै.' छापलेला गृहस्थ समारंभाला पहिल्या रांगेत येऊन बसतो, तेव्हा शुद्धिपत्राचा उपयोग नसतो. जातीचा रकाना मात्र उतरवूच नये, आणि पत्ता व मोबाइल संमतीशिवाय छापू नये.

आता कर्मचाऱ्यांविषयी. त्यांच्यासाठी शिक्षक हजेरीपत्रक आणि पगारपत्रक पाहावे. शिपाई, लिपिक, प्रयोगशाळा सहायक तिथेच सापडतात, स्मरणिकेत नाही. रयतसारख्या मोठ्या संस्थेत किंवा जिल्हा परिषदेत बदल्या होतात, त्यामुळे पंधरा वर्षे शिकवलेले सर निवृत्त दुसऱ्याच शाळेतून झालेले असतात. अतिरिक्त ठरून समायोजनात, म्हणजे दुसऱ्या शाळेत सामावून, गेलेल्यांचेही तसेच. म्हणून प्रत्येकापुढे 'कधी आले, कधी गेले, का गेले, कुठे गेले' हे चारही प्रश्न हवेत.

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचे उदाहरण घ्या. चिपळूणकर, टिळक, आगरकर ही नावे आपण एका दमात घेतो. पण जानेवारी १८८० मध्ये शाळा उघडली तेव्हा आगरकर एम.ए. करत होते, ते पुढच्या वर्षी रुजू झाले. चिपळूणकर मार्च १८८२ मध्ये वारले, म्हणजे त्यांची शाळेतली सेवा जेमतेम सव्वादोन वर्षांची. टिळकांनी १८९० मध्ये ही शाळा चालवणारी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. आगरकर सोसायटीतच राहिले. १८८७ मध्ये त्यांनी सोडला तो 'केसरी', आणि १८८८ मध्ये काढला तो 'सुधारक'. याच शाळेतले वामन शिवराम आपटे सोसायटीच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. १८९२ मध्ये ते वारल्यावर ती जागा आगरकरांकडे आली आणि १८९५ मध्ये तेही वारले. १८८५ च्या सुमारास शिक्षक म्हणून आलेले गोखले १९०२ मध्ये निवृत्त झाले, भारत सेवक समाज त्यानंतरचा, १९०५ चा. एका ओळीत 'थोर संस्थापक' लिहिले की हे सगळे आत दबते. शिवाय 'पुढे काय केले' म्हणजे 'सोडल्यावर काय केले' असे नसते. 'केसरी' १८८१ मध्ये निघाला तेव्हा ही मंडळी शाळेत तास घेतच होती.

काम दिवाळीच्या सुट्टीत सुरू करावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्यालय बोर्डाच्या परीक्षेत अडकलेले असते आणि जूनमध्ये दाखल्यांसाठी रजिस्टर टेबलावरून हलत नाही. तयार यादीच्या दोन छापील प्रती काढाव्यात : एक शाळेत, एक तालुक्याच्या ग्रंथालयात. पेन ड्राइव्ह मुख्याध्यापकांबरोबर निवृत्त होतो.

आपले,
शाळांच्या जुन्या नोंदींचे काम करणारे काही निवृत्त शिक्षक व लिपिक