तुझ्या मसुद्याबद्दल, सविस्तर

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र आणि मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या काळजीच्या, कायद्याचा मसुदा, दोन्ही मिळालं. तू लिहिलंस, ‘कायद्याची भाषा मी सांभाळते, यातलं वॉर्डात काय टिकेल ते तू सांग.’ फोनवर या विषयावर बोलायला लागले की माझा आवाज चढतो आणि सांगायचं राहून जातं, म्हणून लिहूनच काढते.

सगळ्यात आधी तुझं तिसरं कलम. ‘बरे होण्याची शक्यता संपलेल्या बालकांना’ पॅलिएटिव्ह केअर मिळेल, असं त्यात आहे. एवढ्या ओळीने बाकीचा सगळा कायदा निकामी होईल गं. शक्यता संपली, हे लिहून कोण देणार? स्नायूंचे आनुवंशिक आजार, गुंतागुंतीचे हृदयदोष, चयापचयाचे दुर्मीळ विकार, मेंदूला झालेली गंभीर इजा, अशी मुलं आमच्याकडे येतात. त्यातलं एखादं मूल अत्यवस्थ होतं, आम्ही आईवडिलांना बाजूला घेऊन बोलतो, आणि चार दिवसांनी ते उठून बसलेलं असतं. असं वर्षानुवर्षं चालतं. अशा मुलाच्या कागदावर कुठलाही डॉक्टर ते वाक्य लिहिणार नाही, आणि लिहिलं तरी कुठलीही आई त्याखाली सही करणार नाही. मग ज्याच्यासाठी कायदा केला तेच मूल कायद्याबाहेर राहील. दुखणं, धाप, झटके, रात्रीची जागरणं मात्र पहिल्या दिवसापासून त्याच्या वाट्याला आहेतच.

जागतिक आरोग्य संघटनेने 1998 सालीच मुलांसाठी वेगळी व्याख्या केली. ही काळजी निदान होताच सुरू व्हावी आणि आजारावरचे उपचार चालू असोत वा नसोत, ती चालूच राहावी, असं ती म्हणते. तुझ्या कलमात हेच येऊ दे.

अमेरिकेचा अनुभव बघ. तिथे हॉस्पिस सेवा, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या काळातली काळजी, हवी तर आजार नेहमीच्या गतीने वाढल्यास सहा महिन्यांहून जास्त आयुष्य नाही, असा दाखला लागायचा आणि रोगावरचे उपचार सोडावे लागायचे. आईवडिलांना सांगायचं, केमो हवी की घरी येणारी नर्स हवी, एक निवडा! 2010 च्या आरोग्य कायद्यातल्या कलम 2302 ने मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यावरच्या 21 वर्षांखालच्या रुग्णांसाठी ही निवड काढून टाकली आणि दोन्ही एकत्र मिळू लागलं. पण सहा महिन्यांचा दाखला तसाच राहिला. म्हणजे कित्येक वर्षं आजारी असणारं मूल अजूनही दाराबाहेरच. तुझ्या समितीत कुणीतरी ‘मुदतीची अट हवीच, नाहीतर खर्च वाढेल’ असं म्हणेलच. तिथे हटू नकोस. मुदतीऐवजी आजाराचं गांभीर्य आणि मुलाचा त्रास हा निकष ठेव.

आता दुखण्याबद्दल. तान्ह्या बाळांना वेदना नीट जाणवत नाहीत, या समजुतीने 1980 च्या दशकापर्यंत त्यांच्यावर जुजबी भुलीत शस्त्रक्रिया होत असत. 1987 मध्ये आनंद आणि हिकी या संशोधकांच्या लेखाने त्या समजुतीला मोठा धक्का दिला. तरी ‘मूल आहे, रडणारच’ हे वाक्य मी अजून ऐकते. बोलता न येणाऱ्या बाळाचं दुखणंसुद्धा मोजता येतं: चेहरा, पायांची हालचाल, रडणं, कुशीत घेतल्यावर शांत होतं की नाही. मोजलं आणि लिहिलं तरच त्यावर औषध दिलं जातं. इटलीच्या 2010 च्या 38 क्रमांकाच्या कायद्याने रुग्णाच्या कागदपत्रांत वेदनेची नोंद करणं बंधनकारक केलं. एवढं एक कलम उचललंस तरी तुझ्या कायद्याचं सार्थक होईल.

औषध म्हणजे मॉर्फिन, अफूपासूनचं तीव्र वेदनाशामक. मुलांच्या तीव्र दुखण्याला जागतिक आरोग्य संघटनेने 2012 च्या मार्गदर्शनात तेच सांगितलंय, आणि त्याआधीची कोडीन या सौम्य औषधाची मधली पायरी काढून टाकली. अडचण औषधात नाही, परवान्यात आहे. आपल्या 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखाली इतके परवाने लागायचे की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थेला एकाच परवान्यावर ते ठेवता येतं. पण शिक्षेची भीती डॉक्टरांच्या मनातून एका दुरुस्तीने जात नाही. म्हणून प्रशिक्षणाची सक्ती आणि लहान मात्रेचं पातळ औषध, दोन्ही तुझ्या मसुद्यात नावानिशी हवं. गोळीचे तुकडे करून बाळाला द्यायची वेळ कुणावर येऊ नये.

मुलाला स्वतः काय हवं, याबद्दल मसुदा गप्प आहे. बालहक्क करारातलं, मुलाचं मत ऐकून घ्यायला सांगणारं बारावं कलम तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आमच्याकडच्या एका मुलाने मला अट घातली होती: सुई टोचायची तर शेजारच्या खोलीत, माझ्या पलंगावर नाही. पलंग माझा आहे. आम्ही सगळ्यांनी ती पाळली आणि त्याची रात्रीची झोप परत आली. मोठे निर्णय तर दूरच, मुलांना असं बरंच काही सांगायचं असतं, फक्त विचारावं लागतं.

घरच्यांचा भाग तू एका ओळीत उरकलायस. सलग सात तास झोपलेली आई मला कधी भेटलेली नाही. ऑक्सफर्डला 1982 साली ‘हेलन हाउस’ हे मुलांचं पहिलं हॉस्पिस उभं राहिलं, ते मुळात आईवडिलांना थोडी उसंत मिळावी म्हणून. घरच्या घरी नर्स, थोड्या दिवसांसाठी मूल सांभाळणारी जागा, आणि भावंडांशी बोलणारं कुणीतरी, हे खर्चाच्या तरतुदीसह लिही. भावंडं विशेष. घरातलं सगळं लक्ष एका खाटेकडे असतं आणि ती मुकाट्याने शहाणी होतात.

आणि कायदा मुलाच्या मृत्यूपाशी थांबवू नकोस. रोज घरी येणारी माणसं त्याच दिवशी यायची बंद होतात, हे मी पाहिलेलं आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल 2020 पासून मूल गमावलेल्या नोकरदार आईवडिलांना दोन आठवड्यांची रजा हक्काने मिळते. दोन आठवडे म्हणजे काहीच नाही, पण सुरुवात तिथून करता येईल. वर्षभर कुणीतरी जाऊन भेटेल, एवढं तरी तुझ्या मसुद्यात घाल.

समितीला आकडा हवाच असेल तर हा सांग: जगभरात ज्यांना ही काळजी हवी असते त्यांतल्या फक्त 14 टक्के लोकांना ती मिळते, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. त्यात मोठी माणसंही आली.

तिसरं कलम बदलून मला पुन्हा पाठव. बैठकीच्या आधी आमच्या वॉर्डातल्या दोन सिस्टर आणि एका मुलाची आई तुझ्याशी बोलायला तयार आहेत. वेळ तू कळव, मी जुळवून आणते.

तुझी,
मेधा