सूचना : कोझुमेलला माया संस्कृतीचे कोणते प्राचीन अवशेष पाहायचे?

मंडळी, जहाज मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर थांबेल त्या दिवसासाठी आपली पसंती येत्या रविवारपर्यंत कळवा.

चिचेन इत्सा हे प्राचीन माया शहर बऱ्याच जणांच्या मनात आहे, पण या खेपेला ते सोडावे. आधी फेरीबोटीने पलीकडे मुख्य भूमीवर, मग रस्त्याने दोन-अडीच तास, परतीला तेवढेच. जहाज गाठायची धाकधूक वेगळीच. शिवाय तिथल्या कुकुलकानच्या पिरॅमिडवर आता चढूही देत नाहीत.

तुलुम जमण्यासारखे आहे. तटबंदीचे शहर, समुद्राच्या कड्यावर उभे ‘एल कास्तियो’ हे मंदिर, फोटो तर झकास! मात्र फेरीबोट पाऊण तास, पुढे तासभर रस्ता, आणि आत सावली जवळजवळ नाहीच. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी आधीच घ्यावी.

आजी-आजोबा किंवा तान्ही मुले सोबत असतील तर सान हेर्वासिओ बरे. ते बेटावरच आहे, टॅक्सीने जाता येते. वास्तू ठेंगण्या, पण आजूबाजूला झाडी, दगडांवर ऊन खात पडलेले इग्वाना (मोठे सरडे), पोरे खूश. इश्चेल देवीसाठी माया स्त्रिया समुद्र ओलांडून इथे येत.

टोपी, पाणी, डासांचे मलम घ्या. घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवा. किनाऱ्यावरची वेळ तासाभराने वेगळी असू शकते.

– सहल समिती