चिखल्यासाठी थोडी वाळू सोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईच्या चौपाट्यांची स्वच्छता आणि सुशोभीकरण यांविषयी आपल्या वृत्तपत्रात वाचकांची पत्रे नेहमी प्रसिद्ध होतात. प्लास्टिक, सांडपाणी, खाद्यपदार्थांच्या गाड्या, दिवे, बाकडी यांची त्यांत चर्चा असते आणि ती असायलाच हवी. परंतु भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू मात्र या सगळ्या चर्चेत रिकामी पडलेली जागा म्हणूनच धरली जाते. तशाच वाळूवर विसावणाऱ्या आणि तशाच वाळूवर अंडी घालणाऱ्या एका लहान पक्ष्याची बाजू मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हा पक्षी म्हणजे केंटिश चिखल्या. लांबी 15 ते 17 सेंटीमीटर, वजन 40 ग्रॅमच्या आसपास, पाठ कोरड्या वाळूच्या रंगाची, पोट पांढरे आणि गळ्याला अर्धवट राहिलेला पट्टा, जणू कंठी घालता घालता मध्येच कुणी हाक मारली. मुंबईत तो मुख्यतः हिवाळ्यात दिसतो. गोराईच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की चार पावले तुरुतुरु धावायचे, गपकन थांबायचे, वाळूतला किडा किंवा लहानसा खेकडा टिपायचा आणि पुन्हा धावायचे, असा त्याचा क्रम तासन्‌तास चालतो. भरती चढली की हेच पक्षी कोरड्या वाळूवर येतात आणि माणसाच्या पावलाने पडलेल्या खळग्यात किंवा गाडीच्या चाकोरीत वाऱ्याकडे तोंड करून बसतात. गेल्या जानेवारीत अशा एका चाकोरीत मी अकरा चिखल्या मोजले. मागून आलेल्या वाळूवरच्या मोटारगाडीने त्यांना अर्ध्या तासात चार वेळा उठवले, आणि गाडीतल्यांना ते दिसलेही नसावेत. लांबच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला असे प्रत्येक उड्डाण महाग पडते.

त्याची वीण मी पाहिली ती कच्छमध्ये, मांडवीच्या पुढे, एप्रिलच्या उन्हात. घरटे म्हणावे असे तिथे काहीच नव्हते. वाळूत बशीएवढा उथळ खळगा, कडेला शिंपल्यांचे तुकडे आणि मध्ये वाळूच्याच रंगाची, काळपट रेघोट्यांची तीन अंडी. सोबतच्या माणसाने बोट दाखवले तरी मला ती दिसेनात. दिसली तेव्हा माझी चप्पल त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होती. मादी एक पंख मोडल्यासारखा फरफटत आम्हाला दूर नेऊ पाहत होती. मागे सरकून आम्ही लांब जाऊन बसलो, तेव्हा ती भिजलेल्या पोटाने परतली आणि अंड्यांवर बसली. वाळू तापली की हे पक्षी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतात आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवतात. दिवसा बहुधा मादी बसते, रात्री नर. साधारण साडेतीन आठवड्यांनी पिले बाहेर येतात आणि काही तासांतच धावू लागतात. उडता येईपर्यंत मात्र आणखी महिनाभर लागतो, आणि कुत्रा किंवा गाडी आली की जागीच दबून बसणे एवढाच त्यांचा बचाव असतो. कुत्र्यापुढे तो कधीकधी चालतो, चाकापुढे चालत नाही.

टिटवी देखील समुद्र आटवते, असे आपण म्हणतो. त्या म्हणीमागच्या गोष्टीतही तक्रार किनाऱ्यावरच्या अंड्यांचीच आहे. समुद्राने ती नेली म्हणून टिटवी त्याच्याशी भांडायला उभी राहिली. आजच्या किनाऱ्यावर समुद्राचा दोष त्यामानाने कमी आहे.

यंत्राने वाळू चाळताना प्लास्टिकबरोबर भरतीने आणून टाकलेले शेवाळ आणि शिंपलेही उचलले जातात. त्याच ओळीत या पक्ष्यांचे अन्न असते. चाळून सपाट केलेल्या वाळूवर मर्यादवेलही तग धरत नाही आणि तिने धरून ठेवलेल्या वाळूच्या उंचवट्यांची घसरण होते. सफाई करू नये, असे मी म्हणत नाही. 2018 च्या मार्चमध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिले समुद्राकडे जाताना दिसली, ती नागरिकांनी हाताने केलेल्या दीर्घ सफाईनंतरच. कासवाच्या अंड्यांना वेळाससारख्या गावाने कुंपण घातले आणि आपण सर्वांनी त्याचे कौतुक केले. चिखल्याला तेवढेही नको, काही आठवड्यांची दोरी पुरते.

कायद्याची अडचणही इथे नाही. 2019 च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या आणि पक्ष्यांच्या विणीच्या जागा सर्वाधिक संवेदनशील वर्गात आहेत, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणेही येते. तरी किनाऱ्याच्या सफाईचे काम घेतलेल्या एका ठेकेदाराच्या मुकादमाला मी याविषयी विचारले, तेव्हा ‘साहेब, वाळूत काय असणार?’ एवढेच उत्तर मिळाले. त्याला मी दोष देत नाही, कारण त्याच्या हातातल्या कागदावर पक्ष्याचा शब्दही नसावा.

ज्या परगण्यावरून या पक्ष्याला नाव मिळाले, त्या इंग्लंडमधल्या केंटमधून त्याची नियमित वीण विसाव्या शतकातच संपली. उलट शिकागोसारख्या गजबजलेल्या शहरात 2019 साली माँट्रोज किनाऱ्यावर याच्याच नात्यातल्या पायपिंग प्लोव्हरच्या जोडीने अंडी घातली, तेव्हा स्वयंसेवकांनी पहारा दिला आणि तिथे ठरलेला संगीत महोत्सव रद्द झाला. आपल्याकडे महोत्सव रद्द होण्याइतकी अपेक्षा मी बाळगत नाही.

महापालिका आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष यांना माझी विनंती आहे, की गोराई, मनोरी आणि उत्तनच्या किनाऱ्यांवर सफाईची पुढची निविदा काढण्यापूर्वी एकदा हिवाळ्यात आणि एकदा मार्च ते जून या काळात पक्षीनिरीक्षकांकडून पाहणी करून घ्यावी. भरतीरेषेच्या वर यंत्राऐवजी हातानेच कचरा वेचण्याची अट निविदेत घालावी. आणि हौसेच्या मोटारगाड्यांना तिथे मज्जाव करावा. होड्या ओढणाऱ्या, मासळी वाळवणाऱ्या कोळी बांधवांना या अटींचा जाच होऊ नये, किंबहुना पाहणीत त्यांनाच आधी विचारावे. कोणता पक्षी कुठे बसतो, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

आपला,
एक वाचक, बोरिवली (पश्चिम), मुंबई